विहीणबाईंना जपानीत दोन ओळी

कीबोर्डवर अक्षरं ज्याने कोणी बसवली त्याने ती डोळे मिटून फेकली असावीत. अ एकदम डाव्या टोकाला. ए त्याच्या वरच्या ओळीत कुठेतरी. उ, इ आणि ओ उजवीकडे एकमेकांना चिकटून बसलेले, आणि क, त, न यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आमच्या शाळेत अशी बाराखडी कोणी म्हटली असती तर बाकावर उभं केलं असतं.

पन्नाशी उलटल्यावर मला ही अक्षरं शोधत बसावं लागलं. तेही इंग्रजी शिकायला नाही, जपानी लिहायला. जपानी लिहायचं तर आधी इंग्रजी अक्षरं दाबावी लागतात, मग त्यांची जपानी होतात, हे कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसला. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची. पाचवीच्या आधी माझी आई आजारी पडली, धाकटे दोन भाऊ सांभाळायला कोणी नव्हतं, आणि बडोद्याच्या त्या मराठी शाळेच्या पायऱ्या मी परत चढले नाही. इंग्रजीचा दरवाजा माझ्यासाठी अगदी उंबऱ्यावर असताना बंद झाला, आणि आता जपानीला जायचा रस्ता त्याच दरवाजातून होता.

जपानी मला कशी येते हे आधी सांगते, कारण कोणाचा विश्वास बसत नाही. येते म्हणजे वाचता येते, तीही त्यांची सोपी अक्षरं. आमची मुलगी नोकरीला लागली त्या कंपनीचा जपानशी व्यवहार होता. तिला संध्याकाळी फतेगंजला जपानीच्या क्लासला घातलं. घरी आली की ती वही माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आई, विचार." मी मेथी निवडत विचारायची. तिने प्रत्येक जपानी अक्षराखाली मराठीत उच्चार लिहिला होता आणि वाक्यांखाली अर्थ. त्यांचीही बाराखडीच आहे, फक्त पाच खणांची. क ची ओळ, स ची ओळ, त ची ओळ. महिना-दीड महिन्यात ती चुकली की मला वहीत न बघता कळायला लागलं. हे मी कोणाला बोलले नाही. वहीच्या शेवटी मात्र त्यांची चित्रासारखी दाट अक्षरं सुरू व्हायची, एकेकात दहा-बारा रेघा. तिथे मी हात टेकले.

मुलगी परीक्षा पास झाली, कंपनीने तिला तिकडे पाठवलं, आणि तिकडेच ऑफिसातल्या मुलाशी तिने लग्न केलं. लग्न तिकडे झालं. विहीणबाईंना आम्ही फोटोतच पाहिलं होतं. एकदा फोनवर बोलणं झालं. त्या हळू आवाजात पुष्कळ काहीतरी बोलल्या. मला निम्मं कळलं, उत्तराचं वाक्यही तोंडाशी आलं, आणि मी तीनदा "हाइ" म्हणून फोन ह्यांच्या हातात दिला. हाइ म्हणजे हो. कशाला हो म्हटलं देव जाणे.

पुढच्या वर्षी मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. जावई दुसऱ्या गावी बदलून गेले होते, शनिवारी यायचे. मुलगी सासूबाईंजवळ राहिली. आमचं जाणं बाळंतपणाच्या वेळचं ठरलं होतं, त्याला अजून तीन महिने होते.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. ह्यांनी नेहमीप्रमाणे तिकडचं हवामान विचारून घेतलं आणि फोन मला दिला.

"आई, डिंकाचे लाडू पाठवशील?"

"पाठवते की. जेवण नीट होतंय ना?"

"हो."

"हो काय? आवाज का असा?"

"अगं त्या खूप छान करतात. माझ्यासाठी मासे न घालता वेगळं करतात. पण मी नको म्हटलं की लगेच उचलतात."

"मग नको म्हणतेस कशाला?"

"तूच शिकवलंस."

खरंच मीच शिकवलं होतं. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं की थोडं घ्यायचं. आमच्याकडे हे सगळे पाळतात, आणि बडोद्यात तर कोणाचं नको कोणी ऐकूनच घेत नाही. शेजारच्या गुजराती बाई वाटी घेऊन दारात उभ्या राहून म्हणायच्या, "एक तो लेवुं ज पडे, मारा सम." एक तरी घ्यायलाच हवं म्हणून स्वतःची शपथ घातल्यावर माणूस काय करणार. इथे नको म्हणून कोणी उपाशी राहिलेलं मी पाहिलं नाही. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना तिने त्याच बाईंच्या घरी पहिल्याच खेपेला पेढा उचलला होता. तिथे मी डोळे वटारले, घरी येऊन दंडाला चिमटा काढला आणि वर म्हटलं, "घरात पेढे मिळत नाहीत का तुला?" तो चिमटा आता जपानमध्ये लागत होता.

"मग काय खातेस?"

"बिस्किटं ठेवलीत खोलीत."

"सहावा महिना आणि बिस्किटं? सरळ सांग ना, मला आणखी हवंय म्हणून."

"आई, चार महिने मी नको म्हणतेय. आता कुठल्या तोंडाने हो म्हणू? त्यांना वाटेल इतके दिवस खोटं बोलत होते."

"जावईबापूंना सांग."

"तो त्यांना सांगणार आणि त्यांना वाटणार मी चुगली केली. आणि बाबांना सांगू नकोस हं. ते लगेच पत्र टाइप करतील."

ते मात्र तिचं खरं होतं. हे तीस वर्षं सरकारी कचेरीत इंग्रजी टायपिस्ट होते. दहा बोटांनी, न बघता. घरात काही झालं की ह्यांचं पत्र तयार. गॅसवाल्याला पत्र, नळवाल्याला पत्र, मुलीच्या शाळेला पत्र. विहीणबाईंनी नवीन वर्षाला ईमेलने फुलाचं चित्र पाठवलं होतं त्यालाही ह्यांनी आदरणीय महोदया म्हणून दोन परिच्छेदांचं इंग्रजी उत्तर दिलं. ह्यांना हे कळलं असतं तर विहीणबाईंवर आरोपपत्रच गेलं असतं.

म्हणून मी ठरवलं, आपण लिहायचं. विहिणीने विहिणीला. हाताने लिहिता आलं असतं, पण टपालाला पंधरा दिवस लागतात, आणि तिकडे पत्रपेटी आमची मुलगीच उघडायची. विहीणबाई एका दवाखान्यात कारकुनाचं काम करायच्या. त्यांची ईमेल तिथेच उघडायची. मुलगी जाताना तिचा कॉम्प्युटर मांजलपूरच्या आमच्या घरी ठेवून गेली होती, त्यात तिने जपानी घालून ठेवली होती. दोन कळा एकत्र दाबल्या की कोपऱ्यात त्यांचा अ दिसायचा. एवढं मी तिच्या पाठीमागे उभी राहून पाहिलं होतं. मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

हे रोज दुपारी तीन ते पाच स्कूटरवरून सयाजीगंजला वाचनालयात जायचे. तेवढा वेळ माझा. पहिल्या दिवशी मला दोन तासांत एकही अक्षर उमटवता आलं नाही. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं, ती मला साबणाच्या वेष्टनावर असतात तेवढीच ओळखीची. कोणतं अक्षर दाबलं की काय होतं ते एकेक दाबून पाहिलं. मग जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी घेतली, तिचे नखाएवढे तुकडे कापले, त्यांवर बॉलपेनने क, स, त, न, ह, म लिहिलं आणि त्या त्या कळेवर चिकटवलं. ह्यांची यायची वेळ झाली की सगळे तुकडे उपटून स्टीलच्या ताटलीच्या काठावर लावून ठेवायचे आणि ताटली डब्यांच्या मागे. दुसऱ्या दिवशी परत. चार दिवसांत तुकड्यांचा डिंक गेला, नवे कापले. संध्याकाळी हे म्हणायचे, "कीबोर्ड चिकट का लागतो? काही खाल्लंस का इथे बसून?" मी म्हणायची, नाही.

तुकडे लावले तरी सोपं नव्हतं. माझ्या हाताला क म्हणजे पुरता क. मी क दाबायची आणि पडद्यावर नुसतं इंग्रजी अक्षर लटकायचं. त्याला शेजारी अ हवा असायचा. अ दाबला की मग त्यांचा क. म्हणजे मला मास्तरांनी पाय मोडके न ठेवता अक्षर काढायला शिकवलं, आणि हे यंत्र मला सांगणार की तुझा क अर्धाच आहे. मी रोज त्याला मनातल्या मनात बोलायची. चि लिहायला तर कळच सापडेना. दोन दिवस गेले. शेवटी वहीत पाहिलं तर त्यांचा चि त च्या ओळीत बसतो, त, चि, त्सु, ते, तो. म्हटलं बघू, त आणि इ दाबते. आला. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं. बाकी सगळा वैताग.

लिहायचं काय ते मी वहीतून आधीच जुळवलं होतं. मुलगी नको म्हणते. तीन वेळा विचारा. वहीत 'पुन्हा एकदा विचारा' असं तयार वाक्य होतं, त्यांच्या शिक्षिका सारखं म्हणायच्या तसलं. पण पुन्हा एकदा विचारून आमच्या मुलीचं भागणार नव्हतं. ती दुसऱ्यांदाही नकोच म्हणणार. म्हणून मी वेळांची ओळ शोधली, एक वेळा, दोन वेळा, तीन वेळा, आणि तीन घेतलं.

खरा घोळ झाला तो खालच्या लांब पट्टीने. आमच्या घरात पूर्वी ह्यांचं टाइपरायटर होतं आणि सोसायटीतल्या मुली संध्याकाळी शिकायला यायच्या. मी पोळ्या लाटायची आणि बाहेरून ह्यांचा आवाज यायचा, "शब्द, पट्टी. शब्द, पट्टी. अंगठा झोपलाय का?" दहा वर्षं ते ऐकून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की शब्द संपला की पट्टी दाबायची. मी मुलगी हा शब्द लिहायची, म, उ, स, उ, म, ए, एकेक शोधून, खाली ठिपक्यांची रेघ यायची, आणि मी अंगठ्याने पट्टी दाबली की माझी तीनही अक्षरं गायब. त्या जागी त्यांचं एक दाट चित्राक्षर. परत दाबली की खाली यादी उघडायची, त्यात आणखी चित्रं, जशी काही मी साडी दाखवा म्हटलं आणि दुकानदाराने गठ्ठा ओतला. मला यातलं काही नको होतं. मी पुसायची आणि परत म पासून सुरू करायची.

कोणी म्हणेल, जाऊ द्यायचं होतं तसंच. पण मी न वाचता येणाऱ्या कागदांवर पुष्कळ सह्या केल्या आहेत. बँकेचे, घराचे, विम्याचे. इंग्रजीत नाहीतर गुजरातीत, आणि हे बोट ठेवून दाखवायचे, "इथे." ह्या एका कागदावर तरी मला वाचता येईल तेवढंच जायला हवं होतं. त्या चित्रात काय आहे मला काय माहीत? मुलगी असेल, म्हैस असेल.

असे दहा दिवस गेले. दर रविवारी मुलगी फोनवर म्हणायची, "बरी आहे." मी विचारायची, "काय खाल्लंस?" ती म्हणायची, "खाल्लं." लाडू पार्सलने निघाले होते, पोचले नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर एक उचललं जाणारं ताट यायचं आणि त्याच्याकडे बघत बसलेली आमची मुलगी.

अकराव्या दिवशी मी कोपऱ्यातला तो जपानी अ बदलून ठेवायला विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल अर्ज टाइप करायला बसले. ह्यांची पद्धत अशी की आधी कागदावर हाताने लिहायचं, तो कागद डावीकडे उभा करायचा, आणि नजर कागदावरच ठेवून टाइप करायचं. पडद्याकडे बघणं हे ह्यांच्या दृष्टीने नवशिक्याचं काम. मी पोहे भिजवत होते. टकटक टकटक चाललं होतं, एका लयीत, मधूनच पट्टीचा ठोका. पंधरा-वीस मिनिटं झाली. मग एकदम शांत झालं.

"अगं," हे म्हणाले. "इकडे ये."

पडदा भरून जपानी. मधेच एखादं इंग्रजी अक्षर फसल्यासारखं उभं, आणि प्रत्येक पट्टीच्या ठोक्यावर त्या यंत्राने आपल्या मनाने एकेक चित्र काढून ठेवलेलं. दीड पान.

"बिघडला हा," हे म्हणाले. "रोग लागला ह्याला. आता माणूस बोलवायला लागणार."

मी म्हटलं, "नाही लागणार," आणि दोन कळा दाबल्या. कोपऱ्यातला अ गेला.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग कीबोर्डकडे. घाईत एक तुकडा काढायचा राहिला होता, त्यावर ह लिहिलेलं होतं.

"हे काय आहे?"

"ह."

"ते दिसतंय मला. कोण करतंय हे?"

मग मला सांगावंच लागलं. विहीणबाईंना लिहिते आहे म्हटलं.

"जपानीत?"

"हो."

"तू?"

"मग त्यांना मराठी येतं का?"

"चौथी शिकलेली बाई जपानीत पत्रव्यवहार करते," हे पोह्यांच्या पातेल्याकडे बघून म्हणाले, जसं काही ते पातेलं साक्षीला होतं. "आणि मी तीस वर्षं टायपिस्ट. मला सांगायचं नाही. मी दोन मिनिटांत करून दिलं असतं. काय लिहायचंय?"

"बायकांचं आहे. बाळंतपणातलं."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. पोहे खाऊन झाल्यावर मात्र खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन उभे राहिले. "बस. दाखव कसं करतेस ते."

मला कोणी मागे उभं असलं की काही सुचत नाही. लग्नानंतर सुरुवातीला मी माहेरी पत्रं लिहायची, ती हे टाकण्याआधी वाचायचे आणि लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून द्यायचे. चांगल्या मनानेच. पण मग मी लिहिणं सोडलं. ह्यांच्या पत्राखाली 'तिचाही नमस्कार' एवढंच जायचं. आता तीच लाल पेनवाली नजर माझ्या मानेवर होती. मी तुकडे लावले. म शोधला. उ शोधला.

"एका बोटाने?" मागून आवाज.

"हो."

"मनगट उचल. कोपर आत."

"अहो, थांबा जरा."

"आणि ह्या औषधाच्या पट्ट्या काय लावल्यास सगळीकडे. कीबोर्ड आहे की दवाखाना?"

"तुम्ही कुठे बघता कीबोर्डकडे? तुमचं काय अडतंय?"

मी लिहीत गेले. मुलगी नको म्हणते. सगळं एका दमात, पट्टीला हात न लावता, कारण पट्टीने काय होतं ते मला माहीत होतं.

"पट्टी दाब," हे म्हणाले. "शब्द संपला."

"दाबली की बिघडतं."

"पट्टी न दाबता शब्द सुटा कसा होईल?"

"त्यांच्यात सुटा नसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे सलग लिहितात. सगळं."

"अख्खा देश जागा न सोडता लिहितो?"

"हो."

"मग वाचतात कसं?"

"मला काय विचारता? वाचतात."

हे खूप दुखावले. तीस वर्षं उजव्या अंगठ्याने केलेलं काम एका देशाला लागतच नाही, हे ह्यांना पटेना. फेऱ्या मारल्या, खिडकीतून खाली स्कूटर बघून आले. मग म्हणाले, "ओळ तरी संपते ना त्यांची? की तीही नाही?"

"संपते."

"मग संपली की इथे मारायचं," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि उजवीकडची मोठी कळ ठोकली. पूर्वी टाइपरायटरचा गाडा ज्या झटक्याने परत ढकलायचे, त्याच झटक्याने.

गेलं सगळं, मला वाटलं. दहा दिवसांनी एक ओळ पुरी झाली होती. पण अक्षरं गेली नाहीत. फक्त खालची ठिपक्यांची रेघ गेली. मी लिहिली होती तशीच्या तशी, सोपी, मला वाचता येणारी अक्षरं पडद्यावर बसून राहिली. एवढंच करायचं होतं. ती कळ पहिल्या दिवसापासून तिथेच होती, आणि मी तिला हात लावला नव्हता, कारण तिच्यावर चिकटवायला माझ्याकडे अक्षर नव्हतं.

"बघ," हे म्हणाले.

दुसरी ओळ लिहिली. तीन वेळा विचारा. खाली मुलीची आई असं लिहिलं. हे पूर्ण वेळ मागे उभे होते आणि एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. घरात पहिल्यांदा मी काहीतरी लिहीत होते आणि त्यात काय चुकलं ते सांगायला कोणी नव्हतं. विहीणबाईंच्या त्या फुलाच्या ईमेलला उत्तर म्हणून कसं पाठवायचं ते ह्यांनी दाखवलं. "विषय लिही वर," म्हणाले. मी म्हटलं, राहू दे.

चार दिवस काही नाही. मला वाटलं, अपमान केला आपण. माझ्या घरात येऊन माझ्याच सुनेला कसं वाढायचं ते मला शिकवते, असं कोणालाही वाटेल. माझ्या विहिणीने मला असं लिहिलं असतं तर मलाही वाटलं असतं. पाचव्या दिवशी सकाळी ह्यांनी हाक मारली. "तुझ्या विहीणबाईंचं आलंय. मला त्यातला पूर्णविराम तेवढा कळला. तोही गोल आहे."

सगळं सोप्या अक्षरांत होतं, आणि शब्दाशब्दांत भरपूर जागा सोडलेली, पहिलीच्या पुस्तकात असते तशी. हे म्हणाले, "बघ, सोडतात जागा." ती माझ्यासाठी सोडली होती, पण मी वाद घातला नाही. वही मांडीवर घेऊन मला वाचायला पूर्ण दुपार लागली आणि दुसरा दिवसही. तीन शब्द वहीत सापडलेच नाहीत. बाकी जे लागलं ते असं: आमच्याकडेही पहिल्यांदा नकोच म्हणतात. माझ्या आईनेही मला तेच शिकवलं. पण ती परदेशातून आलेली मुलगी, तिकडची माणसं मनात असतं तेच बोलतात असं मला वाटलं. तिच्या नकोचा मान ठेवावा म्हणून मी लगेच उचलत होते. मला माफ करा.

मी ते ह्यांना वाचून दाखवलं नाही. "सगळं ठीक आहे म्हणतात," एवढं सांगितलं. हे म्हणाले, "एवढं मोठं आहे की." मी म्हटलं, "त्यांच्यात असंच लिहितात."

रविवारी फोन आला. हवामान झालं. मग मुलगी म्हणाली, "आई, तू काय लिहिलंस त्यांना?"

"का गं?"

"त्या मला सगळं तीनदा विचारतात. भात तीनदा. सूप तीनदा. काल आंघोळीला पाणी काढू का ते तीनदा विचारलं. आणि आई, त्या बोटं मोजतात. पदराखाली, म्हणजे ॲप्रनच्या खिशात, मला दिसतं."

"मग खातेस ना?"

"खाते म्हणजे? तिसऱ्यांदा विचारलं की घ्यावंच लागतं. पोट फुटायला आलंय माझं. चेहरा बघ माझा, फोटो पाठवते, ओळखणार नाहीस."

मला हसायचं नव्हतं.

"आणि त्या म्हणाल्या, तुझ्या आईने अगदी लहान मुलासारखं साध्या अक्षरांत लिहिलंय. पट्टी का नाही दाबलीस गं? पट्टी दाबली की यंत्र आपोआप बरोबर अक्षर देतं. ती त्याच्यासाठीच असते."

"बरोबर देतं?"

"हो. मुलगी लिहिलं की मुलगीचंच देतं."

म्हणजे दहा दिवस मी बरोबर लिहिलेलं पुसत होते. मी भिंतीला टेकले. हे समोरून खुणेने विचारत होते, काय झालं.

"आई, ऐकतेस ना? मला एक सांग. खरंच नको असेल तर काय करायचं?"

"तिसऱ्यांदा घ्यायचं."

"अगं, खरंच नको असेल तर. पोट भरलं असेल तर."

मी विचार केला. आमच्याकडे खरं नको तोंडाने म्हणतच नाहीत. "ताटावर दोन्ही हात आडवे धर," मी म्हटलं.

"त्यांना काय कळणार त्यातलं? त्या घाबरतील. आता तूच लिही त्यांना."

फोन ठेवला. दुपारी हे वाचनालयात गेल्यावर डब्यांच्या मागची ताटली काढली. तुकडे वाळून गेले होते, ते फेकले आणि नवे कापले. वहीत हात सापडला, ताट सापडलं, वर सापडलं. आडवा कुठेच नाही. आडवा राहू दे. हात ताटावर, मग पुरे, एवढं त्यांना कळेल. कोपऱ्यात अ आणला. हात लिहायचा म्हणजे त, मग ए. अंगठा पट्टीकडे निघाला होता, तो परत घेतला. बरोबर देत असेल यंत्र, देऊ दे. मला वाचता यायला हवं.